दातावरचा पांढरा डाग: खड्डा पडायच्या आधी फ्लोराइड नीट कसं वापरायचं

आज रात्री दात घासायच्या आधी एक काम करून बघा. मुलाला चांगल्या उजेडात बसवा, अंगठ्याने वरचा ओठ अलगद उचला आणि पुढचे चार दात स्वच्छ सुती कापडाने पुसून कोरडे करा. मग पाच-सहा सेकंद थांबून हिरडीच्या कडेला नीट बघा. नखाच्या मुळाशी चंद्रकोर असते ना, तशी खडूसारखी पांढरी, तकाकी नसलेली पट्टी दिसली, तर ती किडीची सुरुवात आहे. अजून खड्डा पडलेला नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही. म्हणूनच हा टप्पा बहुतेक घरांत हातातून निसटतो.

मी लहान मुलांचे दात बघणारी डेंटिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांपैकी बरेच जण दात काळा पडल्यावर किंवा मूल रात्री रडत उठल्यावर येतात. तेव्हा ड्रिलिंग, फिलिंग, कधी दात काढणं हेच उरलेलं असतं. पांढऱ्या पट्टीच्या टप्प्यावर मात्र दात स्वतःला सावरू शकतो आणि त्यासाठी लागणारी मुख्य वस्तू, म्हणजे फ्लोराइडची टूथपेस्ट, तुमच्या बाथरूममध्ये बहुधा आधीच आहे. फक्त ती वापरायची पद्धत चुकत असते.

डाग किडीचाच आहे हे कसं ओळखायचं

कोरडं करायला सांगितलं त्याला कारण आहे. किडीच्या सुरुवातीला इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थराच्या, आतून खनिजं झिजतात आणि तिथे अतिसूक्ष्म पोकळ्या तयार होतात. दात ओला असताना त्यांत लाळ भरलेली असते, त्यामुळे डाग लपतो. कोरडं केलं की तिथे हवा शिरते आणि पांढरेपणा उघडा पडतो. ओल्या दातावरही डाग स्पष्ट दिसत असेल, तर झीज जास्त खोल गेली आहे असं समजा.

दातावरचा प्रत्येक पांढरा ठिपका किडीचा नसतो. किडीचा डाग प्लाक, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, साचतो तिथेच येतो: हिरडीच्या कडेला, दोन दातांच्या फटीत, दाढेच्या खाचांत, तारा लावल्या असतील तर चिकटवलेल्या ब्रॅकेटच्या भोवती. दात तयार होत असताना शरीरात जास्त फ्लोराइड गेल्यामुळे येणारे फ्लोरोसिसचे डाग सहसा डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखेच असतात आणि धूसर रेघांसारखे पसरलेले दिसतात. दाताच्या मधोमध किंवा टोकाकडे ठळक सीमा असलेला पिवळट-पांढरा ठिपका असेल, तर तो भाग मुळातच कच्चा तयार झालेला असू शकतो. खात्री नसेल तर डेंटिस्टला दाखवा.

टाचणी, टूथपिक किंवा नखाने डाग खरवडून बघू नका. या टप्प्यावर वरचा पातळ थर शाबूत असतो आणि झीज त्याच्या खाली असते. तो थर टिकला तर दुरुस्ती शक्य आहे. टोकदार वस्तूने तो फोडला की तुम्हीच खड्डा पाडलेला असतो. आता आम्हीही डागात टोकदार हत्यार खुपसत नाही. गुळगुळीत, बोथट टोकाचं उपकरण हलक्या हाताने फिरवून पृष्ठभाग खरखरीत आहे का, एवढंच तपासतो.

फ्लोराइड नेमकं काय करतं

दातांवरच्या प्लाकमधले जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दाताजवळची आम्लता वाढते. पीएच (आम्लतेचं माप; आम्लता वाढली की हा आकडा उतरतो) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. मग लाळ आम्ल धुऊन काढते आणि तीच खनिजं परत दातात बसवते. हे सावरायला अर्धा ते एक तास लागतो. दिवसातून तीन-चार वेळा असं झालं तर दात तग धरतो. पण थोड्या थोड्या वेळाने गोड तोंडात जात राहिलं, तर सावरायला सवडच मिळत नाही.

या देवाणघेवाणीत फ्लोराइड दाताच्या बाजूने उभं राहतं. दाताजवळ ते अगदी थोड्या प्रमाणात असलं तरी खनिजं परत बसण्याचा वेग वाढतो. शिवाय नव्याने बसलेल्या खनिजात फ्लोराइड शिरतं आणि तो भाग आधीपेक्षा चिवट होतो: पीएच साधारण ४.५ पर्यंत उतरल्याशिवाय तो सहज विरघळत नाही. फ्लोराइड असताना जिवाणूंचं आम्ल बनवणंही काहीसं मंदावतं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, कारण पुढची सगळी कृती तिच्यावर उभी आहे. फ्लोराइड पोटात गेल्यामुळे दात मजबूत होतात असं पूर्वी मानलं जायचं. आता हे स्पष्ट आहे की त्याचा मुख्य फायदा दाताच्या पृष्ठभागावर, तोंडातच होतो. म्हणजे किती फ्लोराइड वापरलं यापेक्षा दातावर किती वेळ टिकलं आणि किती नेमाने आलं याला महत्त्व आहे.

टूथपेस्ट: जिथे सगळ्यात जास्त चुका होतात

आधी ट्यूबवरचा मजकूर वाचा. सोडियम फ्लोराइड, सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट किंवा स्टॅनस फ्लोराइड यांपैकी एक नाव दिसायला हवं आणि शेजारी पीपीएमचा (दहा लाख भागांत फ्लोराइडचे किती भाग, याचा) आकडा. किडीपासून संरक्षणासाठी किमान १००० पीपीएम हवं. मोठ्या माणसांच्या बऱ्याचशा पेस्ट १००० ते १५०० च्या दरम्यान असतात. लहान मुलांसाठी म्हणून येणाऱ्या काही पेस्टमध्ये ५०० च असतं, काहींत अजिबात नसतं. ट्यूबवर गोंडस चित्र आणि फळाचा वास आहे म्हणून ती मुलाच्या दातांचं रक्षण करेल असं नाही. ज्या मुलाच्या दातावर डाग दिसलाय त्याला फ्लोराइड नसलेली पेस्ट देणं मला पटत नाही, मग ती कितीही नैसर्गिक असो.

धाकट्या मुलांसाठी पेस्टमधलं फ्लोराइड कमी करण्यापेक्षा पेस्टच कमी घ्यायची. पहिला दात आल्यापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. हिशोब असा: १००० पीपीएमच्या १ ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. तांदळाएवढी पेस्ट साधारण ०.१ ग्रॅम भरते, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. वाटाण्याएवढी पाव ग्रॅमच्या आसपास. लहान मूल ती सगळी गिळलं तरी काळजीचं कारण नाही. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पेस्ट दाखवतात, ती मोठ्यांनाही लागत नाही. पेस्ट ब्रशच्या केसांत बोटाने दाबून घ्या, नाहीतर पहिल्याच दातावर गोळा पडतो आणि बाकीच्या दातांना काही मिळत नाही.

आता घासण्याकडे वळू. दोन वर्षांच्या मुलाचे दात घासायचे तर त्याचं डोकं मांडीवर घ्या, चेहरा वर, तुमचा चेहरा त्याच्या डोक्याच्या बाजूने. एका हाताच्या बोटाने ओठ बाजूला करा, दुसऱ्या हातात ब्रश. असं बसलं की हिरडीची कड स्वच्छ दिसते. समोरासमोर उभं राहून घासलं तर ती दिसत नाही आणि डाग तर तिथेच असतात. ब्रश हिरडीकडे तिरका धरून दोन-दोन दातांवर छोटे गोल फिरवा. दोन मिनिटं पुरतात. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला एकट्याने घासू देऊ नका. आधी त्याला घासू द्या, मग तुम्ही फिरवा. दोन दात एकमेकांना चिकटून असतील तर ब्रशच्या आधी फ्लॉस करा (फटीतून बारीक दोरा फिरवा), म्हणजे फटीतला प्लाक निघून तिथे पेस्ट पोचेल.

आणि आता ती चूक, जी मला जवळजवळ रोज दिसते. दोन मिनिटं नीट घासायचं आणि मग पेला भरून पाणी घेऊन चार वेळा खळखळून चूळ भरायची. दातावर बसायला आलेलं फ्लोराइड पाण्याबरोबर बेसिनमध्ये जातं. घासून झाल्यावर फक्त थुंका, फेस दोन-तीनदा थुंकून टाका, पण चूळ भरू नका. पहिले काही दिवस तोंडात पेस्टची चव राहते, विचित्र वाटतं. आठवड्याभरात सवय होते. अगदीच जमत नसेल तर त्याच फेसात एक घोट पाणी मिसळून तोंडात फिरवा आणि थुंका. निदान साध्या पाण्याने धुवून तरी काढू नका. थुंकता न येणाऱ्या बाळाच्या तोंडातला जास्तीचा फेस ओल्या कापडाने टिपून घ्या.

दिवसातून दोनदा घासायचं, त्यातली रात्रीची वेळ चुकवायची नाही. झोपेत लाळ फार कमी येते, त्यामुळे तोंडात जे असतं ते रात्रभर दातावर बसून राहतं, फ्लोराइड असो की साखर. म्हणून रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही द्यायचं नाही. दुधाची किंवा गोड पेयाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाच्या वरच्या पुढच्या दातांवर डाग सगळ्यात आधी येतात, आणि ती सवय सुरू असेपर्यंत कुठलंही फ्लोराइड पुरं पडत नाही.

माउथवॉश

थोडक्यात सांगते, कारण सगळ्यांना त्याची गरज नसते. रोज वापरायच्या द्रवात ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइड असतं, आठवड्यातून एकदा वापरायच्या द्रवात ०.२ टक्के. तारा लावलेल्या किशोरवयीन मुलांना आणि वारंवार कीड लागणाऱ्या मोठ्यांना त्याचा उपयोग होतो. सहा वर्षांखालच्या मुलांना देऊ नका; त्या वयात गिळलं जाण्याची शक्यता जास्त. वापरायचंच तर घासण्याच्या वेळेला नको, एखाद्या वेगळ्या वेळी, जसं की शाळेतून आल्यावर. घासून झाल्यावर लगेच माउथवॉश घेतला तर पेस्टमधलं जास्त फ्लोराइड धुऊन निघतं आणि त्याच्या जागी कमी फ्लोराइड येतं.

डेंटिस्टकडे लावायचं फ्लोराइड: वार्निश

डाग दिसत असेल तर पेस्टच्या जोडीला वार्निश हवं. यात ५ टक्के सोडियम फ्लोराइड, म्हणजे २२,६०० पीपीएम, चिकट राळेसारख्या पदार्थात मिसळलेलं असतं. सामान्य पेस्टच्या जवळजवळ पंधरा-वीसपट. इतकं तीव्र असूनही लहान मुलांसाठी ते मला सगळ्यात सोयीचं वाटतं, कारण लागतं अगदी थोडं. दुधाचे दात असलेल्या मुलाला साधारण पाव मिलिलिटर पुरतं. त्यात सगळं मिळून साडेपाच-सहा मिलिग्रॅम फ्लोराइड असतं आणि ते दातावर चिकटून तासन्‌तास हळूहळू सुटतं.

लावायला दोन-तीन मिनिटं लागतात. मी एका बाजूचे दात गॉजने पुसून घेते, टोकाशी जेमतेम दहा-बारा केस असलेला छोटा ब्रश वार्निशमध्ये बुडवते आणि दाताच्या मागून-पुढून पातळ थर ओढते. लाळ लागताच तो घट्ट होतो. मूल जीभ फिरवून बघतं आणि तोंड वाकडं करतं, कारण दात अचानक खरबरीत आणि चिकट लागतात. रंगीत वार्निश असेल तर दोन दिवस दात पिवळसर दिसतात. ते घासल्यावर जातं, घाबरू नका.

नंतरचे काही तास कडक आणि खूप गरम काही देऊ नका, आणि त्या रात्री ब्रश नको. दुसऱ्या दिवशी सकाळपासून नेहमीसारखं घासा. मुलाला राळेची किंवा चिकटपट्टीची ॲलर्जी असेल, दम्यामुळे दवाखान्यात दाखल करावं लागलं असेल, किंवा तोंडात फोड-जखमा असतील, तर ते आधी सांगा.

किती वेळा लावायचं हे जोखमीवर ठरतं: धोका कमी असेल तर सहा महिन्यांनी, डाग सक्रिय असतील तर तीन महिन्यांनी. एकदा लावून विसरायचं नाही. चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेनच्या २०१३ मधल्या समीक्षेत वार्निशमुळे कायमच्या दातांमधली नवी कीड सरासरी ४३ टक्क्यांनी आणि दुधाच्या दातांमधली ३७ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. हे सरासरी आकडे आहेत, तुमच्या मुलाची हमी नव्हे. पण दोन-तीन मिनिटांच्या, न दुखणाऱ्या उपचाराच्या मानाने फायदा मोठा आहे.

दाढेच्या खोल खाचांत डाग असेल तर नुसत्या वार्निशवर थांबू नका. खाचा बंद करणारं सीलंट लावून घ्या, कारण तिथे ब्रशचे केस मुळातच पोचत नाहीत. सहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी १.२३ टक्क्यांचं आम्लयुक्त फ्लोराइड जेलही असतं. ते ट्रेमध्ये घेऊन चार मिनिटं दातांवर धरतात आणि नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नसतं. त्याहून लहान मुलांत मी ते वापरत नाही, गिळलं जातं. तोंडात सिरॅमिकच्या टोप्या असतील तर हे आम्लयुक्त जेल त्यांची झिलई घालवू शकतं, म्हणून त्यांच्यासाठी उदासीन, म्हणजे आम्ल नसलेलं, फ्लोराइड घ्यावं.

घरातल्या आजी-आजोबांचं तोंडही बघा. वयानुसार हिरड्या खाली सरकतात आणि दाताचं मूळ उघडं पडतं. तिथे इनॅमल नसतं, त्यामुळे कमी आम्लातही ते विरघळतं. औषधांमुळे तोंड कोरडं पडत असेल, किंवा डोक्या-मानेला रेडिएशन झालं असेल, तर ही मुळांची कीड झपाट्याने वाढते. अशांना ५००० पीपीएमची पेस्ट लिहून दिली जाते. ती फक्त सल्ल्यानेच वापरायची आणि मुलांच्या हाताला लागू द्यायची नाही.

खड्डा पडलाच असेल तर

छोट्या मुलाच्या दुधाच्या दातात खड्डा पडलाय, पण दुखत नाही आणि मूल उपचाराला बसत नाही, अशा वेळी सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हा पर्याय विचारा. ३८ टक्क्यांच्या द्रावणाचा एखादा थेंब खड्ड्यात लावला की चांदी जिवाणू मारते आणि फ्लोराइड मऊ पडलेला भाग कडक करतं. ड्रिल नाही, सुई नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्टबरोबर यालाही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

पण किडलेला भाग कायमचा काळाकुट्ट होतो. हे आधीच स्पष्ट ऐकून घ्या आणि फोटो बघून मगच हो म्हणा. मागच्या दाढांना बरेच पालक सहज तयार होतात, पुढच्या दातांसाठी अडखळतात, आणि ते मी समजू शकते. ओठाला किंवा हाताला थेंब लागला तर त्वचेवर तपकिरी डाग पडतो, तो काही दिवसांत जातो. सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. चांदीची ॲलर्जी असेल तर हा मार्ग नाही. रात्री आपोआप ठणकणारा, हिरडीवर पुळी आलेला किंवा गाल सुजलेला दातही यात बसत नाही. तिथे संसर्ग दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेला असतो, त्याला वेगळा उपचार लागतो आणि तो लगेच लागतो.

भीती कुठे रास्त, कुठे नाही

तीन वर्षांखालच्या मुलाने रोज भरपूर पेस्ट गिळली तर पुढे येणाऱ्या कायमच्या दातांवर फिकट पांढऱ्या रेघा उमटू शकतात. त्यासाठीच तांदळाएवढ्या पेस्टचा आग्रह. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर असलेल्या भागात राहत असाल, तर डेंटिस्टला हे सांगा. तिथे पोटात जाणारं फ्लोराइड आधीच जास्त आहे. तरी दातावर लावायचं फ्लोराइड आपोआप बंद करायचं नसतं; पेस्ट अगदी मोजून आणि नजरेखाली वापरायची.

खरा अपघात म्हणजे मुलाने ट्यूबच खाणं. शरीराच्या दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात गेलं तर ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. १० किलोच्या मुलासाठी ते ५० मिलिग्रॅम झाले, म्हणजे १००० पीपीएमची ५० ग्रॅम पेस्ट. १४५० पीपीएमची असेल तर साधारण ३५ ग्रॅमच. एखाद्या घोटाएवढी गिळली तर पोटात मळमळेल, दूध द्या आणि लक्ष ठेवा. अर्धी ट्यूब रिकामी दिसली तर उलटी करवू नका, दूध पाजा आणि ट्यूब हातात घेऊन थेट दवाखान्यात जा, म्हणजे आकडा डॉक्टरांना वाचता येईल. गोड वासाची पेस्ट उंचावर ठेवा.

सुधारतंय की नाही, कसं कळणार

पहिल्याच दिवशी फोटो काढा: दात कोरडा करून, खिडकीजवळ, ओठ उचलून, फ्लॅश न वापरता. महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा काढा. आठवड्यात बदल दिसत नाही. डाग थांबायला महिने लागतात. डाग सक्रिय असतो तेव्हा तो निस्तेज आणि खरखरीत असतो आणि शेजारची हिरडी बहुधा लाल, हात लावला की रक्त येणारी. थांबलेला डाग चकचकीत, गुळगुळीत होतो आणि हिरडी पुन्हा गुलाबी, घट्ट दिसते. कधी तो तपकिरी होतो, पण कडक आणि चकाकणारा असेल तर तोही थांबलेलाच आहे.

तीन महिन्यांनी तपासायला आलेल्या आया फोटो शेजारी-शेजारी धरून विचारतात, "डॉक्टर, अजून पांढराच आहे की, गेला नाही?" डाग कित्येकदा पूर्णपणे जात नाही, कारण वरचा थर आधी भरतो आणि आतला मार्ग बंद होतो. पुढच्या दातावर तो पुढेही खुपत असेल तर त्या सूक्ष्म पोकळ्या राळेने भरून रंग एकसारखा करण्याचा उपचार आहे, पण तो कीड थांबल्यावर करायचा. मी त्या आईला गॉज देते आणि सांगते, पुसा, कोरडं करा आणि टॉर्च तिरका धरा. तीन महिन्यांपूर्वीच्या फोटोत त्या जागी उजेड मरून जात होता. आता तोच डाग काचेसारखा चमकतो.